उलटा शर्ट

नवी गाडी ही जगातली सगळ्यात घाणेरडी गाडी असते, असं आमच्या अण्णांचं मत आहे. हे मत मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सहा वर्षांची असेन. गेल्या महिन्यात माझी स्वतःची पहिली गाडी घरी आली, तेव्हा पुन्हा ऐकलं. शेजारीण कौतुकाने म्हणत होती, "अगं बाई, काय चकचकीत आहे!" आणि अण्णा, वडील माझे, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणतात, "चकचकीत कसली? कारखान्यातून निघाल्यापासून ट्रकवर, यार्डात, उन्हापावसात उभी असते ती. रंगात लोखंडाची धूळ रुतलेली असते. रविवारी मी करतो हिला." वर आणखी, "आणि गडद निळी कशाला घेतलीस? गडद गाडीवर माशी बसली तरी ओरखडा दिसतो."

शेजारीण हिरमुसली. मी नाही. "मी करतो" या शब्दांची मी किती वर्षं वाट बघत होते, ते माझं मला माहीत.

अण्णा बत्तीस वर्षं एका शोरूमच्या मागच्या शेडमध्ये कामाला होते. पुढे काचेमागे टाय लावलेले लोक गाड्या विकायचे आणि मागे अण्णा त्या गाड्या गिऱ्हाइकाला देण्याजोग्या करायचे. धुवायच्या, मातीने घासायच्या, मेण लावायचं. माती म्हणजे अंगणातली नव्हे. मळलेल्या पिठासारखी मऊ वडी असते, हल्ली सगळे तिला क्ले म्हणतात. साबणाचं पाणी मारून ती रंगावरून हलक्या हाताने फिरवली की रुतलेली धूळ उचलून घेते. अशा हजारो गाड्या त्यांनी केल्या असतील. स्वतःची एकही नाही. त्यांना त्याचं दुःख होतं असं मला कधी वाटलं नाही. मला होतं. म्हणून तर चाळिशी उलटल्यावर का होईना, मी गाडी घेतली.

लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी शेडमध्ये असायचे. ओलं सिमेंट, साबण आणि मेणाचा तो गोडसर, तेलकट वास. संध्याकाळी अण्णांनी उचलून घेतलं की त्यांच्या मानेलाही तोच वास यायचा. कामाला लागण्याआधी अण्णा घड्याळ काढायचे, अंगठी काढायचे, पट्टा काढायचे. शर्ट मात्र ते घरूनच उलटा घालून निघायचे. उलटा म्हणजे पुढचा भाग मागे, बटणं पाठीवर. गाडीवर ओणवं झालं की बटणं रंगाला घासतात ना, म्हणून. बटणं आई लावून द्यायची. भर रस्त्यातून असा उलटा शर्ट घालून जाताना अण्णांना काही म्हणजे काही वाटायचं नाही. आईला वाटायचं. "लोक म्हणतील, याला बायको आहे की नाही?" असं ती रोज म्हणायची आणि रोज लावून द्यायची.

रंग साफ झाला की नाही हे डोळ्यांनी बघायचं नसतं, चाचपायचं असतं. तेही नुसत्या बोटाने नाही. सिगरेटच्या पाकिटावर काचेसारखा पातळ कागद असतो ना, तो बोटाला गुंडाळायचा आणि गाडीवरून फिरवायचा. कण न् कण कळतो. अण्णांनी स्वतः आयुष्यात सिगरेट ओढली नाही. सेल्समन लोकांच्या टेबलावरून ते कागद गोळा करायचे. एकदा आईला त्यांच्या खिशात तसले आठ-दहा सापडले, तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी अण्णांनी तिच्या बोटाला कागद गुंडाळून तिला आमच्या कपाटाच्या दारावरून हात फिरवायला लावला. ती म्हणाली, "शी! किती ही धूळ!" आणि अबोला विसरून फडकं आणायला गेली.

शेडमध्ये हे चाचपायचं काम माझं होतं. अण्णा माझ्या बोटाला कागद गुंडाळायचे आणि विचारायचे, "सांग हातोडे, कसं लागतंय?" हातोडी हे माझं घरातलं नाव. घरातल्या निम्म्या कपबशा माझ्या हातून गेल्या होत्या, त्यावरून पडलेलं. मी डोळे मिटून सांगायचे, "मीठ सांडल्यासारखं." ते घासायचे. "आता?" "मांजराच्या जिभेसारखं." पुन्हा घासायचे. "आता?" "ओल्या साबणासारखं!" की ती बाजू झाली. माझ्याशिवाय शोरूममधून एक गाडी बाहेर पडत नाही, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटायचं. इतकं महत्त्व मला पुढे कुठल्याच नोकरीत मिळालं नाही.

शेडमध्ये कायदा एकच होता. खाली पडलं ते गेलं. मातीची वडी हातातून जमिनीवर पडली की ती सरळ कचऱ्यात. धुवायची नाही, पुसायची नाही. कारण जमिनीवरची वाळू तिला चिकटते, आणि मग ती माती राहत नाही, कानस होते.

मी नऊ वर्षांची असताना अण्णांनी मला पहिल्यांदा माती हातात दिली. गडद हिरवी गाडी होती, अकरा वाजता गिऱ्हाईक येणार होतं. अण्णा टप घासत होते, मला म्हणाले, दाराच्या खालच्या भागावरून फिरव, हलका हात ठेव. माझा आनंद गगनात मावेना. आणि दोन मिनिटांत वडी पडली हातातून. आता ती फेकून दिली तर हातोडी ती हातोडीच, असं म्हणतील! मी इकडेतिकडे बघितलं, उचलली, फुंकर मारली आणि घासायला लागले. अण्णा वळून येईपर्यंत दारावर मांजराने नखं ओढल्यासारखे ओरखडे.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी वडी माझ्या हातातून घेतली आणि कचऱ्यात टाकली. तेवढ्यात शोरूमचा साहेब मागे आलाच. अण्णा त्याला म्हणाले, "साहेब, माझ्याकडून झालं." साहेबाने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अण्णांना आत बोलावलं. त्यानंतरचे दोन रविवार अण्णा त्या दारापायी शेडमध्येच होते. आणि मी पुन्हा कधीच शेडमध्ये गेले नाही. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ते आईला सांगत होते, "तिला नको पाठवू आता. हात जड आहे तिचा." मी दाराआडून ऐकलं.

चौतीस वर्षं झाली. आता मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासून फ्रेममध्ये बसवते. केसभर फरक झाला तर काच बसत नाही, एक ओरखडा आला तर फुकट. लांबून लांबून लोक येतात, ताईंच्याच हातची काच पाहिजे म्हणतात. खुद्द अण्णांच्या नाकावरच्या चष्म्याच्या काचा मी बसवल्यात. पण ते "हात जड आहे तिचा" काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी ठरवलं होतं, गाडी घ्यायची आणि अण्णांच्या शेजारी उभं राहून ती करायची. एकदा तरी त्यांनी म्हणावं, दे इकडे, आता तू कर. बस, एवढंच.

पण मध्ये एक गोष्ट घडली होती. साखरेच्या दुखण्याने अण्णांच्या बोटांची जाणीव गेली होती. थंडीत त्यांनी गॅसवरचं पातेलं नुसत्या हाताने उचललं आणि ओट्यापर्यंत आणलं. हात भाजलाय हे त्यांना माझ्या किंकाळीवरून कळलं. डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली. अण्णा प्रत्येक वेळी म्हणाले, "हो, टोचली," टाचणी दूर असतानासुद्धा. घरी येताना म्हणाले, "त्या पोराला काय कळतंय? या हातांनी मी जन्म काढलाय." मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली, यावरून काय ते समजा.

रविवारी सकाळी अण्णा तयार होऊन जिन्याशी उभे होते. शर्ट उलटा, बटणं उघडी. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी मागे गेले आणि लावून दिली. ते म्हणाले, "तुझी आई वरून सुरुवात करायची." मी सगळी काढून पुन्हा वरून लावली.

इमारतीच्या मागच्या बाजूला सावली असते, तिथे गाडी घेतली. नळाची नळी धरायला माझा नवरा. त्याला गाडीतलं एवढंच कळतं की आत बसायचं आणि पट्टा लावायचा. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. वरून खाली धुवायचं, चाकं शेवटी. अण्णा सांगत होते, आम्ही करत होतो. नवऱ्याने नळी माझ्यावरच उडवली तेव्हा अण्णा हसले, आणि त्यांचं ते हसणं ऐकून माझा जीव सुखावला.

धुऊन झालं. मी पावाची पातळ पिशवी आणली होती, सिगरेटचे कागद कुठून आणणार? अण्णांनी ती बोटांवर चढवली आणि टपावरून हात फिरवला. मग दारावरून. कपाळावर आठी आली. "बरी आहे की गाडी," ते म्हणाले. "फार काही नाही."

 मी पाठमोरी होऊन पिशवीशिवाय, नुसत्या बोटाने चाचपलं. नुसत्या बोटालासुद्धा मीठ लागत होतं.

"तरी घासून घेऊ, अण्णा," मी म्हटलं.

"घेऊ की. तू आतल्या काचा पूस. बाहेरचं मी बघतो."

आतल्या काचा! मी राग गिळला आणि आत जाऊन बसले. अण्णांनी वडीचे तीन तुकडे केले होते. पहिला टप करताना पडला. त्यांनी तो उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवऱ्याकडे बघून म्हणाले, "खाली पडलं ते गेलं." दुसरा दार करताना पडला. तोही टाकला, या वेळी काही बोलले नाहीत. मग तिसरा घेऊन ते बोनेटपाशी आले. मी आतून समोरची काच पुसत होते.

तिसरा पडला तेव्हा मी बघत होते. बोटांमधून नुसता निसटला. बोटं तशीच, वडी धरल्यासारखी, बोनेटवरून आणखी वीतभर पुढे गेली. मग अण्णांनी हाताकडे बघितलं. इकडेतिकडे बघितलं. नवरा नळी गुंडाळत होता, माझं डोकं त्यांना खाली वाकलेलं वाटलं असावं. ते वाकले, वडी उचलली, दोनदा मळली, आणि तिच्यावर हळूच फुंकर मारली.

बाई गं!  ती फुंकर मी ओळखली.

एक हात. दुसरा हात. तिसरा. पहिल्या नव्याकोऱ्या गाडीचं बोनेट, आणि माझे अण्णा त्यावर वाळू घासत होते. थांबवलं नाही तर पाच मिनिटांत सगळ्या बोनेटची वाट लागणार. आणि थांबवलं, "अण्णा, ती पडली होती" म्हटलं, तर त्या माणसाकडे उरलं काय? टाचणी टोचली नाही तरी "टोचली" म्हणणारा माणूस तो. बोनेटचं मला काही नाही हो. पण घासत राहिले असते तर शेवटी चष्म्यातून दिसलंच असतं त्यांना. काचा मीच बसवल्या होत्या, स्वच्छ दिसतं त्यांतून.

मग मला जे जन्मजात येतं ते मी केलं. भांडण काढलं.

दार धाडकन उघडून बाहेर आले. "बास झालं! गाडी माझी, हप्ते माझे, आणि मी आतल्या काचा पुसायच्या? बोनेट मी करणार!"

अण्णा चमकले. "हळू. दार आपटू नको."

"आपटणार! चौतीस वर्षं ऐकतेय, हात जड, हात जड. लोकांच्या डोळ्यांवरच्या काचा घासते मी! द्या ती माती इकडे."

वडी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलीच आणि भिरकावली डब्यात. नवी वडी फोडली. नवरा नळी घेऊन तसाच उभा, तोंड उघडं. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग बाजूच्या स्टुलावर जाऊन बसले. पाठ ताठ, शर्ट उलटा. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे दिसत होते आणि मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू.

बोनेटच्या उजव्या बाजूने मी सुरुवात केली. पाणी मारलं, वडी ठेवली.

"गोल नको. सरळ रेषेत." स्टुलावरून आवाज आला.

"माहीत आहे."

"जोर कमी कर. कुरकुरतंय."

मी कमी केला. खरंच, कान दिला तर ऐकू येत होतं. बारीक कुरकुर, मग कमी, मग नुसतं सुळसुळ.

"आता गप्प झाली. पुढे सरक. वडी दुमडून घे आधी."

अण्णांची पाठ माझ्याकडे होती. ते बघतही नव्हते. कानांनी गाडी करत होते. अर्धं बोनेट आम्ही असं केलं. मग मी सरळ उभी राहिले. हे आतल्या आत ठेवणं मला जमेना.

"अण्णा," मी म्हटलं, "बोनेटवर ओरखडे पडलेत. माझ्याकडून झालं."

त्यांनी वळून बघितलं नाही.

"कुठे?"

"डाव्या बाजूला. दिव्याच्या वर."

"डाव्या बाजूला तू अजून हात लावलेला नाहीस."

नवरा शहाण्यासारखा बादली घेऊन निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला न सांगता काही कळलं.

अण्णा स्टुलावरच माझ्याकडे वळले. "मला दुसऱ्या हातालाच वाळू ऐकू आली," ते म्हणाले. "थांबलो असतो तर तुला कळलं असतं. न थांबता तरी किती वेळ घासणार होतो? तू भांडायला उठलीस तेव्हा जीव भांड्यात पडला माझा." त्यांनी दोन्ही पंजे उघडून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "बोटं गेली गं माझी. काहीच लागत नाही. तुझ्या गाडीचा रंग कसा आहे, मला माहीत नाही."

मी त्यांच्यापुढे ओल्या सिमेंटवरच बसले. रडू आलं ते आलंच, लपवलं नाही.

"तू खोटं बोललीस ते बरं नव्हतं जमलं," ते म्हणाले. "माझंही नव्हतं जमलं. तेव्हा ओरखडे दाराच्या पार खाली होते. मी तिथे गुडघ्यावर बसून कशाला घासेन? साहेबाला एका नजरेत कळलं."

"काय म्हणाला तो आत?"

"म्हणाला, पोरगी पुन्हा शेडमध्ये दिसली तर तू उद्यापासून येऊ नको." अण्णांनी चष्मा काढून शर्टाच्या पुढच्या, म्हणजे मागच्या, बाजूने पुसला. "आता नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगू, तुझ्यामुळे बापाची नोकरी जात होती? तू झोपली नसतीस. म्हणून म्हटलं, हात जड आहे. ते बरं वाटलं मला."

"तुम्हाला बरं वाटलं!" मी ओरडले. "आणि मला चौतीस वर्षं काय वाटलं?"

"तू ऐकत होतीस?"

"दाराआड होते!"

अण्णांचा चेहरा पडला.  मग म्हणाले, "चुकलं माझं. तुझा हात जड नव्हता कधीच. तू सोडून गेल्यावर मला चाचपायला दुप्पट वेळ लागायचा. मीठ की मांजराची जीभ, हे सांगायला कोणी नव्हतं."

मी नाक पुसलं. आणि पुन्हा वडी हातात घेतली. 

दुपारपर्यंत घासून झालं. डाव्या बाजूच्या त्या ओरखड्यांवर मी मेणाची डबी नेली तेव्हा अण्णा म्हणाले, "तिथे नको. मेणाखाली झाकायचं नाही. पुढच्या रविवारी पॉलिश करून काढू. तू काढशील, मी ऐकेन." मग माझ्या कपड्यांकडे बघून म्हणाले, "आणि ही बटणं घालून मेणाला हात लावायचा नाही. वरून माझा दुसरा शर्ट आण."

आणला. उलटा घातला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. अण्णांनी वरून सुरुवात केली. पहिलंच बटण सापडेना. बोटं कापडावर चाचपडत होती, निसटत होती, पुन्हा शोधत होती. दोन मिनिटांचं काम करायला मी कुणाला दोन मिनिटं देत नाही, दुकानात मला घाबरतात सगळे. पण मी हलले नाही. सहा बटणांना चांगली पंधरा मिनिटं लागली असतील. मधलं एक चुकीच्या काजात गेलं होतं, मला पाठीवर कळत होतं. मी ते दिवसभर तसंच ठेवलं.

मेण पातळ लावलं, सुकू दिलं, मऊ कापडाने पुसलं. निळा रंग इतका खोल झाला की त्यात आमची खिडकी दिसायला लागली. अण्णा स्टुलावरून उठून आले. पावाची पिशवी त्यांच्या हातात होती. त्यांनी माझा हात धरला आणि ती माझ्या बोटांवर चढवली, नीट, सुरकुती पडू न देता.

"सांग हातोडे," ते म्हणाले, "कसं लागतंय?"

मी डोळे मिटले आणि दारावरून, टपावरून, बोनेटच्या उजव्या बाजूवरून हात फिरवत गेले. अण्णा माझ्या शेजारून चालत होते, मान कलती करून.

"ओल्या साबणासारखं," मी म्हटलं.

"सगळीकडे?"

"मागच्या दाराच्या खाली थोडं मीठ आहे अजून."

"मग बघतेस काय?" अण्णा म्हणाले, आणि मातीची वडी माझ्या तळहातावर ठेवली. "घास की."